झेलणारी

उलव्याच्या जुन्या गावठाणात जनीचं घर शोधायला पत्ता लागत नाही. चारी बाजूंनी पंधरा-पंधरा मजली इमारती, मध्ये एक कौलारू पडवी, आणि त्या पडवीत बसून सगळ्या इमारतींना नावं ठेवणारी जी बाई दिसते ती जनी. वय विचारलं तर "साठ-सत्तर" म्हणते. दोन्हींतलं कुठलंही धरावं, तिची हरकत नसते.

जनी धवलारीण आहे. आगऱ्यांच्या लग्नात मांडवाच्या दिवसापासून जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. भटजी दोन मंत्र गिळून गेला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. धवलारीण एक ओळ चुकली, की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या एकदम माना वर करतात. जनीने असल्या म्हाताऱ्यांपुढे पंचेचाळीस वर्षं काढली.

तिच्या घराण्याची रीत अशी की धवला एकटीने म्हणायचा नाही. धवलारणीने अर्धी ओळ टाकायची आणि शेजारी बसलेल्या दुसरीने उरलेली अर्धी झेलायची. ही झेलणारी म्हणजे भामा. दोघींचं एकमेकींशी पटायचं नाही. भामा तंबाखू खाते म्हणून जनी कटकट करायची, जनी मानधनातलं लुगडं आधी निवडते म्हणून भामा फुगून बसायची. पण मांडवात बसल्या की एकीचा श्वास संपायच्या आत दुसरीचा सुरू. तीन वर्षांपूर्वी भामा गेली आणि जनीला एक गोष्ट कळली, जी एवढ्या वर्षांत कधी कळली नव्हती. भामा झेलायची तेवढ्या अवकाशात जनीला पुढची ओळ आठवायची. आता तो अवकाशच उरला नाही. घरी भाकरी थापताना धडाधड येणारे धवले मांडवात निसटू लागले. दोन लग्नांत ती अडखळली. तिसऱ्या लग्नात यजमानाने तिला मानाने बोलावलं आणि ती अडखळलीच तर गाणी लावायला एका कोपऱ्यात स्पीकरवाला पण बसवून ठेवला. त्या दिवशी जनी घरी येऊन जेवली नाही.

तेव्हापासून तिने झेलणारीचा शोध चालवला. सून समृद्धी दवाखान्यात कामाला. तिला श्वास घ्यायला सवड नाही, झेलायला कुठून असणार. राहिली नात, मनस्वी. एकवीस वर्षांची, कम्प्युटर शिकलेली, आवाज चांगला, आणि आजीच्या धवल्यांविषयी मत असं की यूट्यूबवर टाकून द्यावेत.

"लाखभर लोक ऐकतील, आजे."

"ऐकनारी लाख काय करू गो? मना झेलनारी एक पायजे."

मनस्वी हसायची आणि स्कूटर काढून रोडपालीला कामावर जायची. तिचं काम काय, हे घरात कुणालाच नीट सांगता यायचं नाही. रोडपालीतल्या एका फ्लॅटमध्ये पाच-सहा जणं मिळून मोबाइलवरचा गेम बनवत होती, आणि मनस्वीचं काम तो बाजारात येण्याआधी खेळून त्यातल्या चुका काढायचं. दिवसाला साठ-सत्तर वेळा ती त्यात मरायची आणि महिन्याच्या एक तारखेला पगार घ्यायची. जनीला हा व्यवहार फार आवडला होता.

एका रविवारी मनस्वीने तिला गेमची गोष्ट सांगितली. गेमचं नाव 'मोहोळ'. पुढल्या कुठल्यातरी शतकात खाडीच्या पाण्यातून एक जीव वर येतो आणि माणसांच्या अंगात शिरतो. माणसं हजार, पण आत शिरलेला जीव सगळ्यांत मिळून एकच. एकाने पाहिलं ते सगळ्यांना दिसतं, एकाला लागलं तर सगळी कळवळतात.

"म्हंजे देव अंगान येतं तसा?"

"अंगात आलेलं उतरतं, आजे. हे उतरत नाही."

"मंग त्या मानसांचा काय व्हतं?"

"मरतात. आठ दिवसांत वाळून जातात. मग तो जीव दुसऱ्याच्या अंगात जातो."

"आनि सगली मेली का?"

जनीने पडवीतून दिसणाऱ्या एकुलत्या आंब्याकडे बोट केलं. फांदीवर बांडगुळाचा हिरवागार झुबका लटकत होता.

"माझे लग्नापासून हाय त्यो तिथं. आंब्याचा रस पितं, पन आंब्याला मारीत नाय. आंबा मेला तर त्यो काय आभालान लटकंल? तुझा जीव येडा हाय."

मनस्वीने दुसऱ्या दिवशी ऑफिसात हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. सगळे हसले, एक सत्यजीत सोडून. सत्यजीत पुण्याचा, पस्तिशीचा. गेमची गोष्ट त्याची, आवाजांचं कामही त्याचंच, आणि सहा महिने तो एकाच जागी अडकून पडला होता: त्याची माणसं भराभर मरत, म्हणून ती मेल्याचं कुणाला काही वाटत नसे. शनिवारी तो थेट उलव्याला येऊन पडवीत मांडी घालून बसला. ज्याच्या अंगात जीव शिरतो त्याला तो 'यजमान' म्हणायचा. जनीला हा शब्द लगेच पटला. लग्नाच्या यजमानाचं काय होतं ते तिने आयुष्यभर पाहिलेलं होतं.

"आजी, यजमान मारायचा नाही हे ठरलं," तो म्हणाला. "पण मग ही सगळी माणसं एक झालीत हे खेळणाऱ्याला कळणार कसं?"

"एकीनी टाकायची, दुसरीनी झेलायची," जनी म्हणाली. तिला जगातल्या सगळ्या प्रश्नांवर हेच एक उत्तर येत होतं. "जी झेलंल ती आपली. जिला झेलता येत नाय ती पावनी."

सत्यजीतने तिथेच वही काढली. महिनाभरात गेम बदलला. त्यातली माणसं मरेनाशी झाली. ती भाजी चिरत, होड्या दुरुस्त करत, पोरांना न्हाऊ घालत, आणि सगळी मिळून एक गाणं गात. खेळणाऱ्याला त्यांच्या वस्तीतून पलीकडे जायचं असेल, तर ती अर्धी ओळ टाकत आणि खेळणाऱ्याने उरलेली फोनमध्ये गाऊन झेलायची. झेलली तर वाट मोकळी. चुकली, तर हजार माना एकदम वर होत. या माना कुठून आल्या हे जनीला विचारायची गरज नव्हती.

आता गाणं हवं होतं, आणि ते जनीचंच हवं होतं. इथे पंचाईत झाली. जनीला धवले शिकवले तिच्या सासूने आणि पहिल्याच दिवशी बजावलं होतं: मांडव नाय, तर धवला नाय. धवल्यात देवांना नावं घेऊन मांडवात बोलवायचं असतं. मांडवच नसताना बोलावलं तर ते येणार कुठे आणि बसणार कशावर? जनी नाहीच म्हणणार होती. पण सत्यजीत बोलून गेला, "झेलायला मनस्वी बसेल." मनस्वीनेही खांदे उडवून "बसते की" म्हटलं. गरजवंताला अक्कल नसते. जनी रोडपालीला गेली.

भिंतींना गाद्या लावलेल्या त्या खोलीत मनस्वी कानांवर हेडफोन चढवून आजीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. भामा बसायची तशीच, डाव्या बाजूला. जनीने डोळे मिटले. सासूचा शब्द मोडवेना आणि नातीचा गुडघा सोडवेना. शेवटी तिने चाल तीच ठेवली आणि देवांची नावं काढून तिथे शेतांची घातली. विमानतळाच्या आणि इमारतींच्या पोटात गेलेली शेतं, मनस्वी बोलायला लागण्याआधीच गेलेली.

"पयला मान गो लांबोडीला…" जनीने टाकलं.

"…लांबोडी आली मांडवा," मनस्वीने झेललं.

"दुसरा मान गो चिंबोरखोलीला…"

"…चिंबोरखोल आली मांडवा."

मग सातभाय, आंब्याचा बांध, थोरली उघाडी. पोरीचा श्वास नेमका जिथे यायचा तिथे आला. काचेपलीकडे सत्यजीत आनंदाने हात हलवत होता, पण जनीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला इतका आनंद झाला होता की तिला रडू येत होतं, आणि त्याच वेळी लाज वाटत होती. मनस्वी लग्नांत नेहमी डीजेच्या बाजूला उभी राहिलेली. तिला धवल्याची फक्त चाल माहीत, शब्द नाहीत. हाच खरा धवला असं ती समजून चालली होती.

खरं त्याच दिवशी सांगायला हवं होतं. रिक्षात बसल्यावर सांगू, म्हणून जनीने ते घरापर्यंत नेलं. घरी गेल्यावर मनस्वी चहा टाकताना "सातभाय आली मांडवा" गुणगुणत होती, म्हणून ते उद्यावर गेलं. सांगितलं तर पोरगी चिडेल आणि पुन्हा झेलायला बसणार नाही, ही भीती. ते उद्यावर गेलेलं पुढे आठ महिने उद्यावरच राहिलं. सत्यजीतनेही एकदा विचारलं, "आजी, ही नावं कोणाची?" जनी म्हणाली, "देवांची." मग सासूच्या फोटोकडे पाहायचं तिने चार दिवस टाळलं.

'मोहोळ' बाजारात आला आणि बऱ्यापैकी चालला. कुठल्याशा परदेशात लोकांनी वाद घातला म्हणे, की लांबोडी आणि चिंबोरखोल हे त्या जिवाने आधी गिळलेले ग्रह असावेत. मनस्वीने हे वाचून दाखवलं तेव्हा जनी एवढंच म्हणाली, "गिलली खरी." उलव्याच्या इमारतींतली पोरंपोरी लिफ्टमध्ये, स्कूलबसमध्ये ओळी झेलू लागली. पडवीवरून जाताना ती जनीकडे बघून कुजबुजायची. तिचं नाव त्यांनी मोहोळवाली आजी ठेवलं होतं. जनीला ते आवडलं नाही. धवलारीण म्हणून कुणी ओळखेना, आणि ओळखलं ते भूत म्हणून.

मग धर्मराजच्या मुलीचं, आभाचं लग्न निघालं. धर्मराज गावठाणातलाच. बापाने शेत केलं, त्याने इमारती केल्या. त्याच्या म्हाताऱ्या आईने हट्ट धरला की मांडवाला जनीच पाहिजे. धर्मराज जनीला घरी येऊन सांगून गेला, "जनीआय, या वेळी अडकू नको. नायतर पुढं तुला कोन बोलावनार नाय, मी सरळ सांगतो." त्यात त्याचा दुष्टपणा काही नव्हता. जनीलाही ते ठाऊक होतं.

मांडवाच्या दिवशी सकाळी उंबराची फांदी आली, पाटावर तांदूळ मांडले, आणि जनी बसते न बसते तोच मनस्वी नवी साडी सावरत तिच्या डाव्या हाताला येऊन बसली.

"मी झेलते, आजे. मला येतं."

तीन वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य आज यावं! समोर दोनशे माणसं, म्हाताऱ्या पहिल्या रांगेत, आता सांगायचं तरी काय? तिने खरा धवला सुरू केला.

"पयला मान गो गनरायाला…"

मनस्वीने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. हे तिला येत नव्हतं. जनीने आपली ओळ आपणच पुरी केली. दुसरीही केली. तिसरी केली. चौथीला मात्र तिला नुसता पांढरा मांडव दिसला. म्हाताऱ्यांच्या माना वर झाल्या. धर्मराजने तयार ठेवलेल्या स्पीकरवाल्याकडे पाहिलं.

मनस्वीला काय कळलं असेल ते असो. आजी बुडते आहे एवढं कळलं, आणि तिला येत होतं ते तिने टाकलं.

"पयला मान गो लांबोडीला…"

मांडवाच्या मागच्या खुर्च्यांतून, आभाच्या मैत्रिणी, त्यांची भावंडं, टॉवरमधली पाहुणी पोरं, अशा तीसेक जणांनी फोनमधून माना काढल्या आणि सवयीने, एका सुरात झेललं, "…लांबोडी आली मांडवा!"

हशा पिकला. जनीने थांबवायला हात वर केला. हा धवला नाही, यात देव नाही, ही मेलेली शेतं आहेत, असं तिला ओरडून सांगायचं होतं.

"दुसरा मान गो चिंबोरखोलीला…"

"…चिंबोरखोल आली मांडवा!"

धर्मराजची आई ताडकन उभी राहिली. तिचा पदर खाली गेला, तिला भान नव्हतं.

"चिंबोरखोल?" ती म्हणाली. "आमची चिंबोरखोल? तिला कोनी बोलावली गो?"

कुणी हसलं नाही. शेजारच्या म्हातारीने तिला धरून खाली बसवलं आणि ती स्वतःच डोळे पुसू लागली, कारण सातभाय तिच्या माहेरची. धर्मराजने स्पीकरवाल्याला हातानेच थांब म्हटलं. त्याने चिंबोरखोलीत चिखलणी केली होती, वयाच्या पंधराव्या वर्षी.

जनीचा वर गेलेला हात तसाच होता. तो तिने खाली घेतला आणि मनस्वीच्या गुडघ्यावर ठेवला.

"तिसरा मान गो सातभायला…" मनस्वीने टाकलं. तिचे डोळे आजीकडे होते.

मागच्या पोरांनी श्वास घेतला, पण त्यांच्या आधी जनीने झेललं. पंचेचाळीस वर्षांत तिने नुसती ओळ टाकली होती, दुसरीची ओळ झेलली ती त्या दिवशी पहिल्यांदा. पुढची ओळ तिला आठवावी लागली नाही. ती मनस्वीला येत होती.