पैसे भरून सापडलेला मामा

आमच्या खापरपणजोबांच्या दारात हत्ती झुलत होता. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललो आहे की मोजायला बसलो तर इंदुरातली सगळी शेव संपेल आणि मोजणी उरेल. मी नोकरीला होतो त्या पोलोग्राउंडच्या कारखान्यात चहाच्या सुट्टीत एक हत्ती असायचा. लग्नाच्या पंगतीत दोन. महाराष्ट्रातून बदली होऊन आलेला एखादा नवा साहेब तावडीत सापडला, की चार हत्ती, चांदीचा हौदा आणि संस्थानाच्या फौजेतली सरदारकी. ऐकणारे म्हणायचे, "भिया, तुम तो राजा आदमी निकले!" मी नम्रपणे खाली बघायचो. तो नम्रपणा मी आरशासमोर बसवला होता.

हत्ती माझ्या डोक्यातून निघालेला नव्हे. तो आजोबांकडून वडिलांमार्फत वारशाने आला. वारशातल्या बाकीच्या वस्तू म्हणजे एक पितळी हंडा आणि मधुमेह.

मुलगी परदेशातून आली तेव्हा तिने माझ्यासाठी डीएनए तपासणीची पेटी आणली. नळीत थुंकायचं, झाकण लावायचं, मुलगी ती नळी तिकडे नेऊन देणार, आणि मग आपले रक्ताचे नातेवाईक जगात कुठे कुठे आहेत ते कम्प्युटरवर कळणार. अट एकच, आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. इंदुरी माणसाला अर्धा तास तोंड बंद ठेव म्हणणं म्हणजे माशाला जरा बाहेर थांब म्हणण्यासारखं आहे. शिवाय बोललो की मला भूक लागते, म्हणून बोलणंही बंद. बायको म्हणाली, "या पेटीचे पैसे आजच वसूल झाले."

निकाल आला. त्यात हत्तीचा उल्लेख नव्हता. एक रंगीत नकाशा होता आणि त्याखाली नातेवाइकांच्या करड्या सावल्या: लांबचे, फार लांबचे, नुसते धुरासारखे. पण सगळ्यात वर एक सावली होती, तिच्यापुढे लिहिलेलं, 'अतिशय जवळचं नातं'. आणि पुढे कुलूप. हे कोण, कोणत्या बाजूचं, त्यांची वंशावळ काय, त्यांना निरोप कसा पाठवायचा, हे हवं असेल तर वर्गणी भरा.

मी उडालोच. "बघ! सरदारांची दुसरी पाती! ह्यांच्याकडे सनद असणार. हौद्याचा फोटोसुद्धा असेल."

"नातेवाईक फुकट होते तेव्हा कोणाला पाणी विचारलं नाहीत," बायको म्हणाली, "आणि आता पैसे भरून शोधताय."

"अगं, घराण्याचा प्रश्न आहे."

"घराण्याचं काय घेऊन बसलात, इथे घराला प्लंबर मिळत नाहीये."

मी कार्ड काढलं. ते अशा थाटात काढलं की समोर बायकोऐवजी दरबार बसला असता तर शिंगं वाजली असती. पैसे गेले, कुलूप उघडलं. नात्यापुढे एकच शब्द होता: 'आईकडून'.

मी हसलो. फसवलं म्हणालो. आईकडून मला कोणी नव्हतंच. आईला माहेर नाही, सगळे साथीत गेले, असं आजोबांनी आम्हाला लहानपणी सांगितलं होतं आणि आम्ही ते सहज मानलं होतं. एखाद्याला दाढी नसते, तसं आमच्या आईला माहेर नव्हतं. आजोबा सांगायचे तेव्हा आई तिथेच पोळ्या लाटत असायची. ती काही बोलायची नाही. तिला जाऊन आता काही वर्षं झाली.

मी निरोप पाठवला, वेबसाइटवर भरलेली आपली वंशावळ जोडली आणि नंबर दिला. दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला.

"नमस्कार दादा. तुमच्याशी जुळली ती नळी माझ्या बाबांची आहे. नव्वदी ओलांडलीय त्यांनी. माझ्या मुलीने कॅनडातून पेटी पाठवली होती. तुमची वंशावळ बघितली मी. वडिलांकडच्या सात पिढ्या, वाह! हत्तीचा फोटोपण लावलाय."

"तो नमुन्यादाखल," मी म्हणालो.

"पण आईच्या जागी तुम्ही जे नाव टाकलंय ना, ते लग्नातलं वाटतं. जन्माचं काय होतं?"

आता आमच्याकडे लग्नात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो, लोक टाळ्या वाजवतात, आणि जुनं नाव तांदळाबरोबर गोळा होऊन पुन्हा डब्यात जातं. त्या वेबसाइटवर 'जन्मनाव' असा वेगळा रकाना होता. मी तिथे आईचं सासरचं नाव आमच्या आडनावासकट ठोकून दिलं होतं. म्हणजे कागदोपत्री माझी आई आमच्याच घरात जन्मली, आमच्याच घरात दिली गेली आणि आमच्याच घरात मेली.

"मला... बघून सांगावं लागेल," मी म्हणालो.

"बघून?" बाई म्हणाल्या. त्यांनी टोमणा मारला नव्हता, पण मला तो लागला.

फोनवर हात ठेवून मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मी सून होते, मला कोण सांगणार? तुम्ही मुलगा होतात. आणि माझं माहेरचं नाव तरी आठवतंय का?" मला आठवलं. दुसऱ्या प्रयत्नात.

विषय बदलावा म्हणून मी बाईंना विचारलं, "आपण असता कुठे?" मनात टोरांटो होतं.

"मानपूरला. इंदूरपासून तासाभरावर, एबी रोडवरच."

माझी थुंकी सात समुद्र ओलांडून गेली, तिकडच्या पंडितांनी ती चाळली, मी वर्गणी भरली, आणि सापडलं काय, तर ज्या गावात मी महाराष्ट्रात जाता-येता शेकडो वेळा चहा प्यायलो ते गाव. चहाच्या टपरीवाल्याला विचारलं असतं तरी त्याने हात करून घर दाखवलं असतं.

"बाबांची एक बहीण इंदुरात दिली होती," बाई म्हणाल्या. "तेव्हा आमचं घर खानदेशात होतं. लग्नात काहीतरी झालं आणि येणं-जाणं तुटलं. दादा, तुम्ही या. बाबांना एकच गोष्ट विचारायचीय."

रविवारी आम्ही दोघं गेलो. ट्रकचे टायर दुरुस्त करायचं जुनं दुकान, त्याच्यामागे घर, ओसरीत खाट. खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्याचे कान माझ्या आईचे होते. दुसऱ्या कोणाच्या डोक्याला लावून ठेवल्यासारखे. मामेबहिणीने सांगितलं, "बाबा, आत्याचा मुलगा."

मामाने मला बराच वेळ बघितलं. मग तिचं नाव घेतलं. तिचाच मुलगा का, असं विचारलं. मी ते नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो आणि ते कोणा परक्या मुलीचं वाटत होतं. मी हो म्हणालो.

"लग्नात काय झालं होतं, मामा?"

"अरे, काय होणार! माझ्या जिभेला हाड नव्हतं तेव्हा. तुझे आजोबा पंगतीत सांगत बसले होते, आमच्या दारात हत्ती, अमकं नि तमकं. मी बुंदी वाढत होतो. मी म्हटलं, बुवा, मग वऱ्हाड बैलगाडीत का आलं? हत्तीला ताप भरला का? सगळी पंगत हसली. अन् नवरी मुलगी, ती पण! मुंडावळ्या धरून हसली. बास. म्हाताऱ्याने ताट सरकवलं. माझ्या बापाने पागोटं पायावर ठेवलं, मी पाय धरले. ते म्हणाले, पोरगी नेतो, पण या घराचं नाव आमच्या घरात निघणार नाही. पहिल्या भाऊबीजेला मी इंदूरला गेलो, तर दारातूनच परत पाठवलं. मग मलाही पीळ चढला. नंतर पुन्हा गेलो तेव्हा तुम्ही ते घर सोडलेलं."

माझ्या बायकोने संधी सोडल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती ओसरीची फरशी बघत होती. ज्या जनावराला मी पन्नासेक वर्षं चारापाणी घातलं, ज्याचे एकाचे चार केले, ते माझ्या आईच्या माहेरावर बसलं होतं. आणि ती ऐकत असताना मी त्याला दर वेळी नवी झूल चढवत होतो.

मामा पुढे वाकला. "एकच सांग. ती माझ्यावर रागावली होती का रे? शेवटपर्यंत?"

इथे माझा धंदा कामाला यायला हवा होता. नव्वदीतल्या माणसाला बरं वाटावं म्हणून एक थाप, एवढंच मागणं होतं. मी तोंड उघडलं. आणि कळलं की थापेलाही थोडा खरा माल लागतो. एखादी सवय, एखादं वाक्य, संध्याकाळी ती कुठे बसायची ते. हौदा चांदीचा होता हे मला पाठ होतं, आईला कोणती भाजी आवडायची ते माहीत नव्हतं. माझ्याकडे तिच्याबद्दल खोटं बोलण्याइतकंही काही नव्हतं. लाज कानापर्यंत चढते म्हणतात. माझी कानही ओलांडून गेली.

शेवटी एक खरी गोष्ट सापडली तेवढी सांगितली. "मी पाहुण्यांना हत्तीची गोष्ट सांगायला लागलो की ती उठून स्वयंपाकघरात जायची. दर वेळी."

मामा खाटेवर ताठ झाला. "पदर तोंडात कोंबायला गेली असेल! लहानपणापासून तसंच. हसू आवरायचंच नाही तिला. हसायचीच ना रे ती आत?"

मामेबहीण माझ्याकडे बघत होती. हो म्हणा, असं तिचे डोळे स्पष्ट सांगत होते.

"मामा," मी म्हणालो, "मी कधी आत जाऊन बघितलं नाही."

बाहेर एक ट्रक हॉर्न देत गेला. मामाने मान वळवली, पंच्याने तोंड पुसलं, आणि पुन्हा माझ्याकडे वळला. "बरं. मग मी सांगतो." आणि तो सांगायला लागला. ती आत जायची. खिडकीशी उभी राहायची, पाठ तुमच्याकडे. पदर दातांत. खांदे हलतायत. हातातला डाव खाली पडायचा, मग ती मोठ्याने म्हणायची, मांजर आलं वाटतं. तो हातवारे करत होता, आवाज काढत होता, मध्येच थांबून स्वतःच हसत होता. माझ्या आईला तो पासष्टेक वर्षांत भेटला नव्हता आणि आमचं घर त्याने आतून कधी पाहिलं नव्हतं.

आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. मी मान खाली घालून हुंकार देत राहिलो.