सुनंदाताईंचा हप्ता

“मॅडम, पैसे आजच भेटतील ना?”

रुमालात बांधलेल्या बांगड्या आणि पोत माझ्या टेबलावर ठेवून सुनंदाताई विचारत होत्या. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी एका बँकेच्या सिन्नर शाखेत कर्ज विभागात ऑफिसर होते, रोज नाशिकहून एस.टी.नं जायचे. सुनंदाताई जुन्या खातेदार. एमआयडीसीतल्या कामगारांना जेवणाचे डबे द्यायच्या. त्यांचे यजमान कैलास तिथल्याच एका कारखान्यात प्रेस मशीन चालवायचे. भाड्याची खोली, दोन मुली. डब्यांच्या पैशातून काही ना काही बाजूला टाकायला त्या नेमानं बँकेत यायच्या. मग मध्येच एकदा सगळी शिल्लक काढून नेली आणि येणं बंद झालं. त्यानंतर आज दिसत होत्या.

सोनेतारण कर्ज हा सोपा प्रकार असतो. दागिने बँकेत ठेवायचे, त्यांच्या किमतीच्या काही भागाइतकं कर्ज मिळतं, कर्ज फेडलं की दागिने परत. फॉर्मवर कारण लिहावं लागतं, म्हणून मी विचारलं.

“घरखर्च लिवा.”

“कुणी आजारी आहे का?”

“नाय.”

“मुलींची फी?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि पदर तोंडाला लावला. मी फॉर्म बाजूला ठेवला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. झाडं लावून पैसे दुप्पट करून देणाऱ्या एका कंपनीत त्यांनी सगळी बचत घातली होती. त्या काळात अशा कंपन्या गल्लोगल्ली निघाल्या होत्या. ही गाशा गुंडाळून गेली. आता नाशिकला कुणीतरी दरमहा भरमसाट व्याज देतोय असं त्यांना कळलं होतं. दागिन्यांवर कर्ज काढून ते पैसे त्याच्याकडे ठेवायचे होते.

“सगळं भरून निघंल मॅडम. मंग सांगंन ह्यांना.”

“म्हणजे कैलासभाऊंना अजून माहीतच नाही?”

“कोणत्या तोंडानं सांगू? ओव्हरटाइम करून त्यांनी आणायचं अन् मी एका सहीत घालवायचं. मला अक्कलच नाय.”

मी केबिनमध्ये जाऊन साहेबांना सांगितलं. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण मार्च जवळ आला होता.

“सोनं तिचं, सही तिची. आपण अडवायचं कारण काय?”

“अडवत नाही सर. अप्रेझर शुक्रवारी येतो. तोपर्यंत घरी बोलून या, एवढंच सांगते.”

अप्रेझर म्हणजे सोनं तपासून किंमत ठरवून देणारा सराफ. तो ठरलेल्या दिवशीच शाखेत यायचा.

“आणि गोल्ड लोनचं टार्गेट?”

“तेही शुक्रवारी बघू.”

शुक्रवारी सुनंदाताई आल्या त्या कैलासभाऊंना घेऊन. पण घरी सांगायचा धीर झालाच नव्हता. कर्जाला सही लागते असं सांगून त्यांनी नवऱ्याला आणलं होतं. माझ्यासमोर बसल्या आणि खाली मान घालून एका दमात सगळं बोलून मोकळ्या झाल्या.

कैलासभाऊ शांतपणे म्हणाले, “मला ठाऊक व्हतं.”

सुनंदाताईंनी मान वर केली.

“आमच्या कारखान्यातल्या निम्म्या पोरांचे बुडाले तिथं. त्या कंपनीचा एजंट डबे यायच्या टायमालाच गेटवर उभा राहायचा. तू भरले असशील हे कळायला काय लागतं?”

“मंग बोलले का नाय?” सुनंदाताई कडाडल्या. “मी येवढे दिवस आतल्या आत मरतेय!”

“तू सांगशील म्हणून थांबलो. बोलून भांडनच झालं असतं.”

“भांडायचं तरी व्हतं!”

सगळी शाखा आमच्याकडे बघायला लागली. मी चहा मागवला. दागिने रुमालात बांधून आले तसेच घरी परत गेले. साहेब त्या दिवशी माझ्याशी फारसं बोलले नाहीत.

मला वाटलं, विषय संपला. तो संपला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात सुनंदाताईंनी आरडी उघडली. आरडी म्हणजे दरमहा ठरलेला हप्ता भरायचा आणि मुदत संपली की व्याजासकट रक्कम घ्यायची. त्यांनी सांगितलेला हप्ता ऐकून मी पेन खाली ठेवलं.

“जमेल का ताई?”

“जमवायचंच.”

त्यांनी डबे वाढवले. स्वतःसाठी काही म्हणून घेईनात. काही महिने हप्ता वेळेवर आला. मग एक चुकला, लेट फी लागली. मग दुसराही चुकला. एका दुपारी त्या गालावर हात धरून आल्या.

“बंद करा खातं. माझ्याच्यानं काहीच व्हत नाय.”

“गालाला काय झालंय?”

“दाढ. बघू नंतर.”

“कधीपासून दुखतेय?”

गाल चांगलाच सुजला होता. आता मात्र मला राहवलं नाही.

“ताई, हा हप्ता नाही. हा दंड आहे, तुम्हीच स्वतःला लावलेला.”

“चुकले तर व्हते ना मी?”

“चुकलात. पैसे गेले, शिक्षा झाली. आता ही दुसरी कशासाठी?”

त्यांनी गालावरचा हात काढला. मग म्हणाल्या, “मंग किती भरू?”

“डबे कमी झाले, मुली आजारी पडल्या, अशा महिन्यातही जमेल एवढा.”

त्यांनी आकडा सांगितला तो इतक्या हळू, की मला पुन्हा विचारावं लागलं.

“येवढ्याशानं काय व्हनार मॅडम?”

“लवकर काहीच नाही,” मी खरं ते सांगितलं.

त्यांना हसू आलं आणि दाढ दुखली म्हणून लगेच गाल धरला. जुनी आरडी मोडली, त्यातून आधी दाताचा डॉक्टर, उरलेलं खात्यात आणि छोट्या हप्त्याची नवी आरडी.

पुढची काही वर्षं सांगण्यासारखं काही घडलं नाही. बँकेत ही चांगली गोष्ट मानतात. आरडी पिकली, नवी उघडली, हप्ता थोडा वाढला. मध्ये कैलासभाऊंच्या कारखान्यात कामबंद झालं. तेव्हा सुनंदाताई स्वतः येऊन सांगून गेल्या, “या महिन्यात नाय जमत. पुढच्या महिन्यात लेट फीसकट भरते.” रडणं नाही, तोंड लपवणं नाही. पगार सुरू झाला आणि त्यांनी तो भरलाही.

माझी नाशिकला बदली झाल्यावर काही वर्षांनी दोघं वास्तुशांतीचं आमंत्रण घेऊन घरी आले. सिन्नरच्या कडेला प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. थोडी बचत, बाकी गृहकर्ज. झाडांच्या कंपनीकडून एक रुपयाही परत आला नव्हता.

वास्तुशांतीच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी सुनंदाताईंना विचारलं, “त्या कंपनीची आठवण येते का अजून?”

“येती ना. पन आता कपाळ बडवत नाय. म्हणते, तवा येवढंच कळत व्हतं.”

नोकरीत मी अनेकांचे पैसे बुडालेले पाहिले. पहिल्या बुडण्यातून बहुतेक जण सावरतात. घर बुडतं ते घाईनं भरपाई करायला गेल्यावर. म्हणून कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते: हप्ता असा ठरवा, की चुकला तरी बँकेत यायला लाज वाटणार नाही.