लढाईवरून आलेला जाणकार

महायुद्ध संपल्यावर रहिमतपुरात कुणालाही लष्कराची जुनी लॉरी घ्यायची असली, की खाकी कोटातला तो सोबत हवाच. लढाईवरून आलेला माणूस, त्याला मोटारीतलं कळणारच! आम्हीही नेलं. त्यानं इंजिनावरचं झाकण उचललं आणि डोळे मिटून वास घेतला.

"प्येट्रोल लय पिती. पर चार गाड्यांचा गूळ एका खेपंत सांगलीला न्हेती. आतनं करपल्याली न्हाई. घ्या."

वडलांनी बैलं विकून लॉरी घेतली आणि त्याला चालवायला सांगितलं. तो मागं चढून बसला.

"आवं, मला कुठं येतंय? पलटणीत मी रोट्या भाजत हुतो."

शेवटी शेजाऱ्याच्या चार बैलांनी लॉरी ओढत घरी आणली. पुढं शेजारीही लॉरी बघायला निघाला, तेव्हा वडील गंभीरपणे म्हणाले, "त्यालाच ने गड्या. लढाईवरनं आलाय."