बॅटवरच्या खाचा

घिवलीच्या एका काकांनी साठ वर्षं सांभाळलेली बेसबॉलची बॅट मी काचेच्या तुकड्याने खरवडली, पॉलिशपेपरने घासली आणि जवसाचं तेल पाजून कोरी करकरीत करून टाकली. बॅट माझी नव्हती. आठ दिवसांसाठी बघायला आणली होती.

पालघरच्या माणसाचा बेसबॉलशी संबंध काय, हे बायकोनेही विचारून झालं आहे. मी उभ्या आयुष्यात बेसबॉलची एक मॅच धड पाहिलेली नाही. कोण कुठून कुठे पळतो आणि का पळतो, ते मला अजून कळत नाही. पण बोईसरच्या ज्या कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला आहे, तिथून स्टेशनकडे येताना वाटेत भंगाराची दुकानं लागतात आणि भंगारात डोकावल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तिथे एका गोणीत, पंख्याच्या वाकड्या पात्यांखाली, एक चामड्याचा चेंडू दिसला. पिवळट पडलेला, वळणावळणाने फिरणारी लाल शिवण.

"क्रिकेट का है. पचास दे दो," दुकानदार म्हणाला.

मी तज्ज्ञासारखा चेंडू फिरवला. "ये क्रिकेट का नहीं है."

"तो फिर बीस दे दो."

ज्ञानामुळे माझे पैसे वाचल्याचा हा पहिला आणि शेवटचा प्रसंग.

घरी येऊन मोबाइलवर शोधलं तर कळलं, की बेसबॉलच्या जुन्या वस्तू जमवणारी माणसं जगभर आहेत आणि त्या वस्तूंतल्या खेळाडूच्या एकेका जुन्या चित्राच्या किमतीत बोईसरला टू बीएचके येतो. ते चित्रही पुठ्ठ्याचं. मी ठरवलं, आपण शेअर रिक्षाच्या टप्प्यात जे मिळेल तेच जमवायचं. आणि मिळणार, याची मला खात्री होती. तारापूरचं अणुवीज केंद्र बांधायला अमेरिकन आले होते, बायकामुलांसकट राहिले होते. जाताना त्यांनी मागे ठेवलेल्या खुर्च्या आणि काचेची भांडी आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत मी लहानपणी पाहिली होती. खुर्च्या राहिल्या, तर खेळायचं सामान कुठे जाईल? या तर्कावर मी इतका खूश झालो, की दोन दिवस स्वतःशीच हसत होतो.

सहा महिन्यांत माझा संग्रह असा झाला: एक चेंडू, एका हाताचा चामडी मोजा आणि एक टोपी. मोजा शिरगावात एका वाडीतल्या बाईंकडे मिळाला. त्या तो घालून चुलीवरचं पातेलं उतरवत. त्याच्या बदल्यात मी त्यांना दोन नवे जाड कापडी हातमोजे दिले आणि त्यांना वाटलं आपण मला फसवलं. टोपी महिनाभर काचेच्या कपाटात होती. मग कारखान्यातल्या एकाने आतली पट्टी वाचून दाखवली. ती बियाण्यांच्या एका कंपनीने शेतकऱ्यांना फुकट वाटलेली होती.

त्यानेच घिवलीचा पत्ता दिला. म्हणाला, "टोपी जाऊ दे. माझ्या मावशीच्या शेजारी एक काका आहेत, त्यांच्याकडे वाल झोडायला जे दांडकं आहे, ते जाऊन बघ एकदा."

गेलो. काका अंगणात बसून सुपारी कातरत होते. ऐंशीच्या आसपासचे, काटक, एका कानात सुताने बांधलेलं ऐकायचं यंत्र. दांडकं ओटीवर कोपऱ्यात उभं होतं. लांबून बघूनच मी ओळखलं. बॅट होती. काळी पडलेली, टोकाला झिजलेली, पण अंगावर ती बनवणाऱ्या कारखान्याचा भाजून उठवलेला शिक्का अजून दिसत होता.

"विकत देणार का काका?"

"नाय."

"मी जुन्या वस्तू जमवतो."

"जमव की. मी कुटं अडवतोय?" त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "पन ही नाय."

मग मात्र स्वतःहूनच बोलायला लागले. ओहोटी लागली, वाळू घट्ट झाली, की रविवारी संध्याकाळी साहेबलोक किनाऱ्यावर खेळायला उतरत. गावातली पोरं बघत उभी राहत, मग चेंडू आणून देऊ लागली, मग खेळायलाच लागली. जाताना एका साहेबाने ही बॅट काकांच्या हातात दिली. पुढे पाच-सहा वर्षं त्यांनी ती आपल्या नियमांनी खेळली. चेंडू चिंध्यांचा. पळापळ रद्द. चेंडू सुरूच्या झाडांपलीकडे गेला, तरच मोजायचा.

"मी आनि माजा एक दोस्त, आमी दोघंच न्यायचो सुरूपलीकडे. बाकीच्यांचं काय खरं नाय."

दोस्त मनोरकडच्या एका पाड्यावरचा. त्याचे आईबाप पाऊस संपला की काकांच्या वाडीत कामाला उतरत आणि होळीला परत जात. काकांनी एकदम मान वर केली. "येतोय तो. या रविवारी. सहा वर्सांनी येतोय. पाय चालत नायत त्याचे, पोरगा गाडी करून आनतोय. आता पुन्ना येनं व्हयल नाय व्हयल." आणि मग मी मागितलंही नसताना म्हणाले, "घेऊन जा. बघ, फोटो काढ. पन रविवारी सकाळी आन. त्याला दाखवायची हाय."

पूर्ण अनोळखी माणसाच्या हातात त्यांनी ती बॅट दिली. पिशवी नव्हती म्हणून सूनबाईंनी जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून दिली आणि वर चार चिकू ठेवले. हा विश्वास त्यांना कुठून आला, कोण जाणे. माझ्या चेहऱ्यात तसं काही नाही. बँकेत पेन मागितलं तरी लोक टोपण काढून ठेवून देतात.

आता माझी बाजू ऐका. वडिलांची होडी होती. मासेमारीला समुद्र उघडायच्या आधी आम्ही भावंडं ती किनाऱ्यावर आडवी करून खरवडायचो, घासायचो, तेल पाजायचो. लाकडावर माया करायची एवढी एकच रीत आमच्या घराण्याला माहीत. काकांचा दोस्त सहा वर्षांनी येणार, त्याच्यासमोर ही काळी, वालाच्या शेंगांच्या धुळीने माखलेली बॅट ठेवायची? माझ्या मनात कृतज्ञता इतकी दाटून आली, की मी शनिवारी सकाळी काच फोडली.

बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, विचारलंत का त्यांना?"

"चांगलं करायला विचारायचं काय?"

मुठीच्या वरच्या भागात बारीक चरे होते. वाल झोडताना पडले असणार. कुसळ घुसेल म्हाताऱ्याच्या हातात, म्हणून तो भाग मी जास्तच मन लावून घासला. संध्याकाळी बॅट गव्हाच्या ओंबीसारखी सोनेरी झाली होती. रविवारी नऊ वाजता मी ती साडीच्या तुकड्यात गुंडाळून, वर पेढ्यांचा पुडा ठेवून, घिवलीला हजर.

काकांनी फडकं उलगडलं. बॅट उन्हात चमकली. मी शाबासकीची वाट बघत उभा.

त्यांनी अंगठा मुठीवरून वर फिरवला. मग परत खाली. मग बॅट उलटी करून दुसऱ्या बाजूने. कानातलं यंत्र नीट बसवलं, जणू खाचा ऐकूही येतात.

"खाचा कुटं गेल्या?"

"कसल्या खाचा?"

सूनबाईंनी कपाळावर हात मारला. त्यांनी सांगितलं तेव्हा मला कळलं. सुरूपलीकडे गेलेल्या प्रत्येक चेंडूची एक खाच होती. शिक्क्याच्या बाजूला दोस्ताच्या, उलट्या बाजूला काकांच्या. साठ वर्षं दोघांचं भांडण चालू होतं, कोणाच्या जास्त. दोस्त प्रत्येक भेटीत म्हणायचा, माझ्या जास्त. आणि काका प्रत्येक भेटीत बॅट पुढे करायचे, मोज. दोस्त मोजायचा, म्हणायचा, चुकून तीन जादा मारल्यास तू. मग चहा व्हायचा. या वेळी ते बहुधा शेवटचं भांडण होणार होतं आणि मी ते घासून टाकलं होतं.

मी मोबाइल काढला. "काका, फोटो आहे! घासायच्या आधीचा!" घाईत दोनदा चुकीचा कोड दाबला. फोटो मोठा केला. खाचा स्पष्ट दिसत होत्या. नऊ.

"ही शिक्क्याची बाजू," काका म्हणाले. "ह्या त्याच्या. माज्या?"

शिक्का दिसावा म्हणून मी फक्त तीच बाजू काढली होती.

काकांनी फोन माझ्या हातात परत दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी पळून जायचं ठरवलं होतं, पण सूनबाई म्हणाल्या, "आता बसा. पाहुण्याला काय सांगायचं ते तुमीच सांगा." आणि माझ्यापुढे चहा ठेवला. गुन्हेगाराला इतकं आलं घातलेला चहा मिळाल्याचं मी कुठे ऐकलेलं नाही.

अकराच्या सुमाराला गाडी आली. मुलाने वडिलांना उचलूनच ओटीवर आणलं. बारीक चणीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. काकांना बघून म्हणाला, "अजून हायस?"

"तुजीच वाट बगत होतो. बस."

"काड बॅट. मोजू."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी उठलो आणि सगळं सांगितलं. काच, पॉलिशपेपर, जवसाचं तेल, एका बाजूचा फोटो. काही लपवलं नाही, कारण बॅट काकांच्या मांडीवर चमकत होती, लपवणार कुठे? पाहुण्याने बोटं फिरवली. फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"माज्या नऊ हायत."

"हो," मी म्हणालो.

"आनि याच्या?"

"त्या राहिल्या नाहीत."

आता पाहुणे म्हणू शकत होते, मग मीच जिंकलो. पुरावा त्यांच्या हातात होता, माझ्याच मोबाइलमध्ये. पाहुण्याने बॅट उलटी करून काकांची बाजू वर केली. मग सूनबाईंना म्हणाला, "पोरी, कोयता आन."

कोयता आला. त्याने तो काकांपुढे सरकवला. "अकरा होत्या तुज्या. मार."

काकांनी कोयत्याला हात लावला नाही. "तू तर म्हनायचास—"

"म्हनायचो. खाचा होत्या तवर भांडायला मजा होती. आता नुसत्या तोंडानं काय भांडू? अकरा होत्या. मी रोज मोजायचो तुज्या वाडीत असताना, तू झोपलास की. मार."

काकांनी दोन्ही हातांनी कोयता धरला, म्हणून बॅट मी धरली. एवढं काम मला मिळालं, याबद्दल मी आजही त्या दोघांचा ऋणी आहे. कोयत्याच्या टोकाने एकेक खाच पडत गेली आणि पाहुणा मोठ्याने मोजत गेला. अकरावी झाल्यावर काकांनी हळूच टोक बाराव्या जागी टेकवलं.

"ए! बास!" पाहुणा ओरडला. "अकरा म्हनलो ना? तुज्या बाजूचा फोटो नाय म्हनून काय पन?"

"चुकी ह्याची," काकांनी मला दाखवलं.

"कोनाची पन असो. बास."

मग दोघं हसले, काकांना ठसका लागला, सूनबाई पाणी घेऊन धावल्या. मी दोघांचा फोटो काढला, मध्ये बॅट. या वेळी दोन्ही बाजूंनी. माझ्या संग्रहात आता तो एक फोटो आहे, चेंडूच्या शेजारी. बॅट काकांकडेच राहिली. मी मागितली नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

जेवायला थांबवूनच घेतलं मला. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, आणि पाहुण्याने मनोरहून आणलेली कसलीशी रानभाजी. मी दोनदा वाढून घेतलं. लाज उरली नव्हतीच. जेवणं झाल्यावर काका ओटीवरून उठायला लागले. गुडघा धरला होता बहुतेक. मी लगबगीने पुढे होऊन त्यांच्या काखेत हात घातला.

पाहुणा बसल्या जागेवरून ओरडला, "ए, सोड त्याला! तोपन जुना हाय!"