हरणाबाईचा बहिरा कान

हरणाबाईचा डावा कान बहिरा व्हायचा तो फक्त नवराबायकोचं भांडण ऐकताना. एरवी सांगलीच्या हळद पेठेत पलीकडच्या वखारीत कुणी तिच्याबद्दल पुटपुटलं तरी तिला इकडं ऐकू जायचं.

ती जतकडच्या धनगराची लेक. मेंढरं दुष्काळात गेली, नवरा तापानं गेला, तेव्हा ती सांगलीला आली आणि आप्पासो नावाच्या व्यापाऱ्याच्या वखारीत हळद निवडायला बसली. हळकुंडं एका बाजूला, गड्डे दुसऱ्या, किडका माल वेगळा. हात चालू असले की बायकांची तोंडंही चालू व्हायची आणि घरचं सगळं त्या ढिगावर येऊन पडायचं. हरणाबाई ऐकायची, मधेच एखादा खोचक प्रश्न टाकायची. त्यातून दोन-चार संसार रुळावर आले आणि तिचं नाव झालं. गाड्या घेऊन हळद विकायला येणारे लोक येताना घरातलं भांडणही आणू लागले.

तिचा मोबदला ठरलेला होता. जोडप्यानं तिच्या वाटणीचा ढीग निवडून द्यायचा. ढीग संपेपर्यंत ती गाऱ्हाणं ऐकणार. तिचं दिवसाचं काम जेवणाआधीच उरकायचं आणि लोक वर म्हणायचे, म्हातारी काही घेत नाही हो.

सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात वाळव्याकडची भामाबाई आपला मुलगा नाथाजी आणि सून मनुबाई यांना घेऊन तिच्याकडं आली. नाथाजी पाच वर्षं पलटणीत होता, इटलीत लढला होता. लढाई संपून घरी आला तो पलटण बरोबर घेऊनच. पहाटे शिट्टी वाजवायचा. वाकळांच्या चौकोनी घड्या झाल्या पाहिजेत म्हणायचा. भांडी ओळीत लावून तपासायचा. मनुबाईनं त्या पाच वर्षांत ऊस लावला होता, पाटाच्या पाण्यासाठी भावकीशी भांडली होती, दोन म्हशींची चार जनावरं केली होती. तिनं आठ दिवस सोसलं आणि नवव्या दिवशी शिट्टी आडात टाकली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. काही सांगायचंच झालं तर नाथाजी म्हशीला सांगायचा, की आज भाकरी करपली. मनुबाईही म्हशीलाच उत्तर द्यायची.

भामाबाईनं आधी दुसरे उपाय करून पाहिले होते. साताऱ्याचा वकील म्हणाला, फारकतीचा कागद करू. गावचा देवऋषी म्हणाला, पोराच्या मानेवर इटलीचं भूत बसलंय, काळी कोंबडी लागेल. भामाबाईनं साधेपणानं विचारलं, की त्या भुताला आपली भाषा कळंल का? देवऋषी इतका चिडला की त्यानं अंगाराही दिला नाही.

हरणाबाईनं भामाबाईला बाहेर गाडीपाशी बसवलं, आणि आत ढिगापाशी नाथाजीला आपल्या डावीकडं, मनुबाईला उजवीकडं.

"ह्यो कान बहिरा हाय माजा," ती मनुबाईला म्हणाली. "तुजा नवरा काय म्हंतो ते तू मला सांगायचं. जसंच्या तसं."

नाथाजीनं सुरुवात केली, की घरात शिस्त नाही, बायको ऐकत नाही. मनुबाईनं ते पुढं कळवलं: हे म्हणतात, मी हवालदार हाय आन् ही रंगरूट. नाथाजी उसळला, मी असं कुठं म्हटलं? हरणाबाईनं कानाला हात लावला आणि विचारलं, काय म्हंतोय? झक मारत मनुबाईला खरं ते सांगावं लागलं. असं तीन-चारदा झालं. खोटं घातलं की बोलणं परत मागं यायचं, आणि ढीग काही कमी व्हायचा नाही. शेवटी कंटाळून ती सरळ सांगायला लागली.

मग हरणाबाईनं नाथाजीला सहज विचारावं तसं विचारलं, की घरी आलास त्या दिवशी काय झालं?

त्याचे हात थांबले. तो म्हणाला, अंगणात उभा राहिलो तर ही पाटाच्या पाण्याला गेलेली. आली, पाणी दिलं, परत गेली. ऊस बघितला, माझ्या हातच्यापेक्षा चांगला. म्हशी मला ओळखीनात. शेवटी खाली बघत बोलला, "त्या घरात माजं कायबी अडलं न्हवतं."

"काय म्हंतोय?" हरणाबाईनं मनुबाईला विचारलं.

मनुबाईनं तोंड उघडलं. "हे म्हंत्यात..." एवढंच झालं. तिनं पदर डोळ्याला लावला, आणि हळदीच्या हातानं लावल्यामुळं डोळे आणखी चुरचुरले.

मग ती बोलली, आणि ते म्हातारीला उद्देशून नव्हतं. पाच वर्षांत ह्यांची जेवढी पत्रं आली, सगळ्यांत खुशाल आहे, एवढंच. मास्तर ती पारावर मोठ्यानं वाचायचे. सगळा गाव ऐकायचा आणि मी मागं उभी राहून वाट बघायची, की माझ्यासाठी एखादा शब्द हाय का.

"पत्र कारकून लिवायचा," नाथाजी तिला म्हणाला. "त्येला काय सांगू?"

हरणाबाई उठली आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली. भामाबाईपाशी बसून तिनं निवांत पान खाल्लं. आत दोघं एकमेकांशी बोलत होती. मधेच आवाज चढला तशी भामाबाई उठायला लागली, पण हरणाबाईनं तिला हाताला धरून खाली बसवलं. जेवणवेळेला सगळा ढीग निवडून झाला होता, फक्त गड्ड्यांत बरीच हळकुंडं गेली होती. ती हरणाबाईला पुन्हा निवडावी लागली, आणि त्याबद्दल तिनं दोघांना चांगलं फैलावर घेतलं.

सगळं एका दिवसात सुतासारखं सरळ झालं नाही. नाथाजीनं वाकळांच्या घड्या सोडल्या नाहीत; मनुबाईनं ते काम त्याच्यावरच सोपवलं. पाटाच्या पाण्याला मात्र तो जाऊ लागला. भावकीशी कसं भांडायचं ते तिनं त्याला शिकवलं.

हरणाबाईकडं आलेली सगळीच जोडपी सावरली असंही नाही. मिरजेकडची एक पोर पाठीवर वळ घेऊन आली, तेव्हा हरणाबाईनं तिला हळदीला हात लावू दिला नाही. नवऱ्याला दारातच थांबवलं आणि पोरीला स्वतः तिच्या माहेरी पोचवून आली. आप्पासोनं खाडा धरला, तर त्याच्याशीही भांडली.

पुढं दर हंगामाला नाथाजीची गाडी सांगलीला यायची. माल उतरला की तो वखारीत जाऊन हरणाबाईच्या शेजारी बसायचा. तिथं तो लढाईतलं सांगायचा, मेलेल्या सोबत्यांची नावं सांगायचा, जे गावात कुणाला सांगितलं नव्हतं. म्हातारी हळद निवडत ऐकायची. त्याचं सांगून झालं, की पुढ्यातलं निवडायच्या हळदीचं सूप त्याच्याकडं सरकवायची.