नव्या होडीची पहिली फेरी

मी साताऱ्याची. लग्न होऊन उरणजवळच्या कोळीवाड्यात आले, तेव्हा सासूबाईंशी काय बोलावं ते मला सुचायचं नाही. त्या बाजारात मासळी विकायच्या, आवाज खणखणीत. मी बेलापूरच्या ऑफिसात काम करणारी, मुळातच अबोल.

त्या रविवारी सासऱ्यांची नवी होडी खाडीत उतरवायची होती. पूजा झाली, नारळ फुटला, पण पुरुषांनी कितीही जोर लावला तरी होडी चिखलातून हलेना. भरती ओसरायला लागली.

"आता उद्याच बघू," सासरे हिरमुसून म्हणाले.

"उद्या कशाला? आमी काय नुसत्या नटून उभ्या हाव?" सासूबाईंनी आरतीचं ताट शेजारणीकडे दिलं, पदर खोचला आणि चिखलात उतरल्या. त्यांच्या मागोमाग बाकीच्या बायकाही उतरल्या. मग सासूबाई वळून मला म्हणाल्या, "सूनबाय, तू पन ये गो!"

मी लग्नातला शालू नेसले होते. तशीच उतरले. सगळ्यांनी मागून खांदा लावला, एकीने गाणं धरलं, आणि होडी अचानक अशी सुटली की आम्ही साऱ्या धपकन तोंडावर पडलो. सासूबाईंच्या अंबाड्यातल्या अबोलीपर्यंत चिखल. माझ्या शालूकडे बघून त्यांना असं हसू फुटलं की उठताच येईना. मी हात दिला, तर मलाही घेऊन पुन्हा पडल्या.

सासऱ्यांनी आम्हा दोघींना तशाच अवतारात होडीत घेतलं. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक होडीला हात करून सासूबाई ओरडत होत्या, "ही माजी सून हाय!"