भाव आला की परत ये

दादा गेल्याची बातमी शेजारच्या डॉक्टरांच्या फोनवर आली. भर दुपारची वेळ होती, बाबा व्हरांड्यात उन्हाला पाठ देऊन बसले होते आणि मी त्यांच्यासाठी संत्र्याच्या फोडी काढत होते. डॉक्टरांच्या सूनबाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "कुंदाताई, इंग्लंडहून फोन आहे, लवकर या." पदराला हात पुसत मी धावले. वाटलं, दादाच असेल, येतो म्हणत असेल... पलीकडे त्याच्या कारखान्यातले सरदारजी होते. "बहनजी, सुधाकर भाई नहीं रहे," एवढंच ते बोलले आणि रडायला लागले. इतक्या लांबून एक परका माणूस रडतो आहे आणि मीच त्यांना म्हणते आहे, भैया, रडू नका. छातीत कफ भरला होता, दवाखान्यात जायला त्यानं उशीर केला. खोली बर्फासारखी गार होती म्हणे. 'म्हणे' तरी मी कशाला लिहिते? ती खोली मी पाहिली आहे.

आमच्या नागपूरच्या मे महिन्यात, भर उन्हात, अनवाणी क्रिकेट खेळणारा माझा भाऊ थंडीनं मेला. हे वाक्य मी रोज स्वतःशी म्हणते आणि रोज मला ते खोटंच वाटतं.

एकसष्ट साली तो गेला तेव्हा आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात त्याच्याइतका उधळ्या मुलगा नव्हता. खिशात रुपया आला की रसवंतीवर जायचं आणि दिसेल त्याला ओढून आणून उसाचा रस पाजायचा. आई ओरडायची, "अरे, सुदाम्याच्या घरी जन्मला आणि राजासारखा वागते काय गा?" तो हसून तिलाही एक गिलास आणून द्यायचा. यंत्राच्या कामाचा डिप्लोमा होता, तिकडच्या कारखान्यात जागा मिळाली. पाच वर्षं काम शिकतो आणि येतो, असं सांगून तो विमानात बसला होता. आणि खरंच पाच वर्षांनी तो यायला निघाला होता, हो! नागपूरजवळ हिंगण्याला नवे कारखाने उभे राहत होते, एका ठिकाणी त्याचं जवळजवळ पक्कं झालं होतं. आईनं दोन मुलीही पाहून ठेवल्या होत्या.

नेमकं तेव्हाच, सहासष्टच्या जूनमध्ये, सरकारनं रुपयाची किंमत उतरवली. तेरा रुपये आणि वर काही पैसे असा जो पाउंड होता, तो एका रात्रीत एकवीस रुपयांचा झाला. लोक हळहळत होते. आमच्या घरात मात्र बाबांचा चेहरा उजळला. बाबा गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात दिवाणजी होते. सारा जन्म त्यांनी एकच विद्या केली, माल गोदामात धरून ठेवायचा आणि भाव आला की सोडायचा. शेठ त्यांना विचारल्याशिवाय कापडाची गाठ सोडत नसे. बाबा आईला म्हणाले, "आता काहून येते तो? भाव तं आत्ता आला! तेवढ्याच पाउंडाचे दीडपट रुपये होऊन राहिले. घरावर मजला चढू दे, मंग येजो म्हणा."

"पोरगा हाय तो," आई म्हणाली. "लट्ठ्याचं ठाण नाही."

बाबा हसले. आम्हीही हसलो. आईचं बोलणं तसंच असायचं, झणझणीत. दादाला पत्र गेलं, हिंगण्याची नोकरी दुसऱ्याला गेली, मुलींची लग्नं झाली.

मजला चढायला लागला तोवर सदुसष्टच्या शेवटी इंग्लंडनं आपला पाउंडही उतरवला. एकवीसचे अठरा झाले. मला वाटलं, चला, सुटला दादा, आता ये म्हणतील. छे! "पडत्या भावात कोणी माल काढते काय? सुधरू दे जरा," बाबा म्हणाले. भाव चढला की कमाईसाठी थांब, पडला की नुकसान नको म्हणून थांब. मग त्या पोरानं यायचं तरी कधी? हे तेव्हा कुणी विचारलं नाही. बाबांचं प्रेम नव्हतं असं नाही. वरची खोली त्यांनी दादासाठी उभं राहून बांधून घेतली. पश्चिमेला मोठी खिडकी ठेवली, फरशी स्वतः निवडली, ती खोली कधी भाड्यानं दिली नाही. फक्त मुलाची वाट कशी पाहायची, ते त्यांना गोदामातल्या मालासारखंच ठाऊक होतं.

शेवटी आई म्हणाली, तो येत नाही तर मीच जाते. पण ज्या भावानं दादाचा पाउंड फुगला होता त्याच भावानं विमानाचं तिकीट आमच्या हाताबाहेर गेलं होतं. वर तिकडं खर्चायला चलन मिळवायचं म्हणजे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायचे. आईनं पासपोर्टसाठी फोटो तेवढा काढून घेतला होता. तोच फोटो पुढं भिंतीवर लागला. शहात्तर साली दादा आला तेव्हा आई जाऊन बरेच दिवस झाले होते. पंधरवडाभर तो वरच्या खोलीत झोपला. निघायच्या दिवशी मी त्याचा हात धरून म्हणाले, "दादा, नको जाऊस. राहा ना आता." तो म्हणाला, "आत्ता आलो तं सारं पाण्यात जाईन वं, कुंदा. पाउंड पडून राहिला. जरा वर येऊ दे." शब्द न् शब्द बाबांचा! एक थोबाडीत द्यावीशी वाटली मला. रसवंतीवर गाव गोळा करणारा माझा भाऊ कुठं गेला हा?

तो कुठं गेला ते मला आठ-नऊ वर्षांनी कळलं. आमच्या ह्यांनी रजा काढली आणि जन्मात एकदा परदेश पाहू म्हणून आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. सरकार मोजकंच परकीय चलन द्यायचं, त्यामुळं जीव मुठीत धरूनच आम्ही हिंडलो. चहाच्या दुकानाशी उभं राहायचं, पाटी वाचायची, मनात गुणाकार करायचा आणि पुढं चालू लागायचं. राजवाडा बाहेरून पाहिला. बाग पाहिली, कारण ती फुकट होती. आमचं एक ठीक होतं, आम्ही रुपये घेऊन गेलो होतो. पण दादा? तो तिथं कमावत होता. त्याच्या पगाराला आणि तिथल्या पावाला रुपयाशी काय घेणं होतं? तरी तो पावाच्या दुकानात गुणाकार करायचा. सकाळी बसच्या थांब्यावर गुणाकार करायचा आणि पायी निघायचा.

त्याच्या खोलीत भिंतीशी गॅसची शेगडी होती आणि शेजारी मीटर. त्यात नाणं टाकलं की तेवढ्यापुरती शेगडी पेटायची आणि मग आपोआप विझायची. आम्ही पोचलो तेव्हा खोलीत श्वासाची वाफ दिसत होती आणि दादा ओव्हरकोट घालून खुर्चीत बसलेला.

"दादा, ती पेटव ना. मी गारठून राहिली."

तो लगेच उठला, नाणं टाकलं. निळी ज्योत उभी राहिली, तसे त्यानं दोन्ही हात पुढं धरले आणि डोळेच मिटले. इतकं सुख मी कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "तू रोज नाही लावत?"

"एका नाण्यात आपल्याकडे पायलीभर ज्वारी येते वं."

"अरे, पण तू आपल्याकडे आहेस कुठं? पगार पाउंडात घेतोस आणि थंडी रुपयात काहून काढतोस?"

तो हसला. "सवय वं," म्हणाला. "आज ना उद्या जायचंच हाय. इथं कशाले उधळायचं?"

आम्ही होतो तेवढे दिवस त्यानं शेगडी विझू दिली नाही. खिसा चाचपून चाचपून नाणी टाकत राहिला. निघताना स्टेशनवर मला म्हणाला, "बरं झालं आले तुम्ही. तुमच्या निमित्तानं मीबी शेकून घेतलं." गाडी सुटल्यावर मी हमसून रडले. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लिहून दे, शेगडी लावत जा म्हणा." ये म्हणा, असं काही ते बोलले नाहीत. आणि आता ते बोलून तरी काय उपयोग होता, देव जाणे. दादाचं डोकं तोवर त्याच गुणाकारात अडकलं होतं. पुढं पाउंड चढत गेला, मग पडला, मग पुन्हा चढू लागला, आणि त्याची पत्रं तशीच येत राहिली, औंदा नाही, पुढच्या साली नक्की...

दहन तिकडंच झालं. आमच्यापैकी कुणी पोचलं नाही. पाउंड कधी नव्हता इतका वर गेला आहे, म्हणजे तिकीटही. बाबांचं आता वय झालं, ऐकू कमी येतं, पण बातमी सांगितली तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, "सुधाकर?" आणि मान खाली घातली.

गेल्या आठवड्यात कारखान्यानं त्याच्या हिशेबाची रक्कम बाबांच्या नावे पाठवली. कागदांवर बाबांच्या सह्या झाल्या होत्या, मीच बँकेत गेले. काउंटरवरचा तरुण मुलगा कागद पाहून खुशीत म्हणाला, "ताई, नशीब आहे तुमचं. फार चांगला भाव लागला." त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? मी हो म्हटलं आणि बाहेर पायरीवर बसून राहिले.

घरी आले तर बाबा दारातच होते. "काय भाव लागला?"

माझा तोल गेला. "बाबा, दादा गेला! आता भाव कोणासाठी विचारता?"

बाबा रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "म्हणूनच विचारून राहिलो वं. कितीले गेला माहा पोरगा, ते तं समजू दे."

मी आकडा सांगितला. त्यांनी तो नीट ऐकला, कठड्याला धरून एकेक पायरी चढले आणि वरच्या खोलीत जाऊन बसले. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते तिथं जाऊन बसतात. अंधार पडला तरी दिवा लावत नाहीत, मला लावू देत नाहीत.